साक्षीदारांचा रकाना

गेल्या रविवारी इथे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या देशी दुकानात मेथी घेत होते. जुड्यांवर नुकतंच पाणी मारलेलं, हात गार पडले होते, आणि त्या ओल्या हिरव्या वासात बाजूच्या फळीवरच्या हिंगाचा वास मिसळलेला. मागून हाक आली, "अगं, तूच ना?" वळून पाहिलं तर ती. जुन्या कंपनीत आम्ही दोन वर्षं एकाच रांगेत बसायचो, मध्ये एक खुर्ची सोडून. तिच्या हातची तिळाची वडी मी दर संक्रांतीला खाल्लेली आहे. मुलं केवढी झाली, घर कुठे घेतलं, आईचे गुडघे कसे आहेत, सगळं बोलून झालं. मग तिने ट्रॉलीचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि आवाज खाली आणला. "एक सांगू? राग नको मानूस. तेव्हा तू ते सरकारकडे वगैरे जायला नको होतंस गं. आपल्या आपल्यातली गोष्ट होती. बोलून मिटलं असतं."

मी "हं" म्हटलं.

रात्री स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले. पानं एकीकडे, काड्या एकीकडे. मधेच लक्षात आलं की मी काड्या पातेल्यात टाकतेय आणि पानं कचऱ्यात. बोलून मिटलं असतं. तिने ते प्रेमाने म्हटलं होतं, म्हणूनच जास्त टोचत होतं. तक्रार केली त्याला आता बरीच वर्षं झाली, प्रकरण संपलं, मी दुसरीकडे कामाला लागले. पण 'आपल्या आपल्यातली' हा शब्द ऐकला आणि पोटात जुनं काहीतरी हललं. कारण सगळ्याची सुरुवातच त्या शब्दापासून झाली होती.

२०१८ मध्ये मी त्या कंपनीत गेले तेव्हा आमचा टीम लीड मराठी निघाला. माझं मराठी ऐकून त्याचा चेहरा खुलला. "अरे वा, म्हणजे आपल्यातलीच की!" मला खरंच बरं वाटलं होतं. घरापासून इतक्या लांब कुणी 'आपल्यातली' म्हटलं की गळा भरून येतो, तो काय अर्थाने म्हणतोय हे तपासत कोण बसतं? मग त्याने पूर्ण नाव विचारलं. आडनाव ऐकून किंचित थांबला. आमच्याकडची आडनावं विदर्भाबाहेरच्या माणसाला पटकन लागत नाहीत, विदर्भातल्या माणसाला मात्र मेश्राम, रामटेके, खोब्रागडे, गजभिये ऐकलं की पुढचं विचारावं लागत नाही. तो पश्चिम महाराष्ट्रातला, त्यामुळे त्याला विचारावं लागलं. मूळ गाव कुठलं? वर्धा जिल्हा, पुलगाव. अच्छा, विदर्भ! मग तुमच्याकडे महालक्ष्म्या बसत असतील ना? नाही, आमच्याकडे नाही बसत. कुलदैवत कुठलं तुमचं? मी म्हटलं, "आम्ही फारसे देवधर्माचे नाही."

त्या 'फारसे'ची मला आजही लाज वाटते. माझ्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. नवं धोतर घ्यायला पैसे नव्हते, म्हणून आजीने जुनंच धोतर सोडा घालून उकळून पांढरं केलं होतं. ते धोतर नेसून अर्धी वाट पायी आणि अर्धी कुणाच्या तरी बैलगाडीत बसून ते गेले. परत आल्यावर गावात मेलेली ढोरं ओढणं त्यांनी बंद केलं, आणि त्याची किंमत सगळ्या घराने मोजली. 'आम्ही बौद्ध आहोत' हे तीन शब्द त्यांनी पाटलाच्या ओट्यासमोर उभं राहून सांगितले होते. त्यांची नात कॅलिफोर्नियातल्या वातानुकूलित ऑफिसात कॉफीचा कप धरून म्हणते, फारसे देवधर्माचे नाही. खोटं नव्हतं ते, पण लपणं होतं.

पुढच्या एप्रिलमध्ये लपायची जागा संपली. १४ एप्रिलला रविवार होता, फ्रीमाँटला जयंतीचा कार्यक्रम झाला. कुणीतरी फोटो टाकला, त्यात मी निळी साडी नेसून बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालतेय. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मायक्रोवेव्हसमोर लीड माझ्यापाठी उभा होता. डबा गरम होईपर्यंत दीड मिनिट. तो म्हणाला, "फोटो पाहिला. अच्छा, म्हणजे तुम्ही त्यातले." बस. रागाने नाही, टोमणाही नाही, एखाद्या कोड्याचं उत्तर मिळाल्यावर माणूस म्हणतो तसं. वर्षभर मी 'तू' होते, त्या दिवसापासून 'तुम्ही' झाले. मराठीत 'तुम्ही' म्हणूनही माणसाला दाराबाहेर उभं करता येतं.

त्यानंतर जे झालं ते एकेक सांगायला गेलं की फार बारीक वाटतं. माझं डिझाइनचं काम दुसऱ्याकडे गेलं आणि मला जुन्या चाचण्या पुन्हा पुन्हा चालवण्याचं काम आलं. बैठकांची निमंत्रणं यायची थांबली. आधीच्या वर्षी 'अपेक्षेपेक्षा सरस' असणारी मी वर्षअखेरीच्या मूल्यमापनात 'अपेक्षेपेक्षा कमी' झाले, तेच काम, तोच माणूस. आणि एक जुलैतली दुपार. काचेच्या खोलीत आम्ही पाचजण नवीन माणूस निवडायला बसलो होतो. लीड, मी, मेथीच्या दुकानात भेटलेली ती, एक चिनी मुलगा आणि आमचा वयस्कर अमेरिकन आर्किटेक्ट. पडद्यावर विदर्भातल्या एका मुलाचा बायोडेटा आला. लीड हसत, मराठीत, आमच्या दोघींकडे बघत म्हणाला, "आडनाव बघ. कोट्यातला माल. असले घेतले की आपलंच काम वाढतं." चिनी मुलगा लॅपटॉपमध्ये होता. अमेरिकन आर्किटेक्टला काही कळलं नाही, पण कुणीतरी हसतंय म्हणून तोही सभ्यपणे हसला. तिने मान खाली घातली आणि वहीत पेनाने चौकोन काढायला लागली. चौकोनात चौकोन. मला अजून ते पान दिसतं.

इतकी वर्षं मला वाटायचं, परदेशात मराठी म्हणजे ऊब. त्या दुपारी कळलं की मराठी हे दारही आहे, आणि ते आतून लावता येतं. खोलीत दोन माणसं अशी होती ज्यांना ऐकू आलं पण कळलं नाही, आणि तीन माणसं ज्यांना कळलं. त्या तिघांतली एक मी.

बोलून मिटलं असतं? बोलले होते की! आधी त्याच्याशीच बोलले. तो म्हणाला, "अहो, गंमत होती. आपण मराठी माणसं, एवढं मनावर घेतलं तर कसं व्हायचं?" मग त्याच्या वरिष्ठाशी बोलले. तोही भारतीय, दिल्लीकडचा. त्याने खुर्ची मागे रेलून सांगितलं की जात वगैरे तो मानतच नाही, त्यामुळे त्याच्या विभागात ती असूच शकत नाही. मग एचआर. तिथल्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी टिश्यू पुढे केला, लिहून घेतलं, आणि तीन आठवड्यांनी कळवलं की ही दोन सहकाऱ्यांच्या संवादशैलीतली तफावत आहे, दोघांनी समोरासमोर बसून बोलावं. म्हणजे परत बोला. त्यानंतर दीड महिन्यात 'फेररचना' झाली आणि त्या फेररचनेत नेमकी मी एकटी दुसऱ्या टीममध्ये, रात्रीच्या सपोर्टच्या पाळीवर गेले.

हे होत होतं तेव्हाच ३० जून २०२०ला कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने जातीवरून भेदभाव झाल्याचा आरोप ठेवून सिस्को कंपनीवर खटला भरला होता. कंपनीने आरोप नाकारले, तो खटला पुढे अनेक वळणं घेत गेला, २०२३ मध्ये त्यातल्या दोन इंजिनिअरांविरुद्धचा दावा खात्याने मागे घेतला. पण त्या आठवड्यात आमच्या लोकांच्या व्हॉट्सअॅप गटांत जे चाललं होतं ते मी कधी विसरणार नाही. कुणी एका ओळीत लिहायचं, माझ्याकडेही असंच. लगेच पुसून टाकायचं. 'हा संदेश काढून टाकला आहे' अशा राखाडी ओळी एकाखाली एक. पुसलेल्या वाक्यांची ती रांग मला कुठल्याही बातमीपेक्षा जास्त सांगून गेली.

तक्रार कुठे करायची, हे तोपर्यंत मला माहीतही नव्हतं. राज्याचं 'फेअर एम्प्लॉयमेंट अँड हाउसिंग' नावाचं खातं आहे, हे त्या बातमीने कळलं. आता, म्हणजे २०२२पासून, त्याला 'सिव्हिल राइट्स डिपार्टमेंट' म्हणतात. वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत, ऑनलाइन खातं उघडायचं आणि अर्ज भरायचा. घटनेपासून तीन वर्षांच्या आत, पूर्वी ही मुदत एकच वर्ष होती, २०२०च्या सुरुवातीपासून वाढली. पाच किंवा जास्त माणसं कामाला असलेली कुठलीही कंपनी या कायद्यात येते. हे सगळं वाचायला सोपं. अवघड होतं ते दुसरंच. आम्ही एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीला बांधलेल्या व्हिसावर, ग्रीनकार्डाच्या रांगेत. नोकरी गेली तर साठ दिवस. साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर मुलीची शाळा, भाड्याचं घर, बाल्कनीतली कढीपत्त्याची कुंडी, सगळं सोडून परत. तक्रार केली म्हणून सूड घेणं हेही बेकायदा धरतात इथे, आणि त्याची वेगळी तक्रार होते. पण कायदा तुम्हाला नंतर न्याय देतो, आधी झोप देत नाही. नवरा एवढंच म्हणाला, "तू काय ते ठरव, मी सामान बांधायला आहे." मी आठ महिने ठरवत होते.

फेब्रुवारी २०२१. रात्रीचा एक वाजलेला, गॅसवर दुसऱ्या दिवसाच्या वरणाचा कुकर, मी ओट्याशेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडून. नाव, पत्ता, कंपनीचं नाव, कंपनीत साधारण किती माणसं. मग यादी आली. माझ्याशी असं वागलं गेलं ते कशामुळे? वय. वर्ण. वंश. धर्म. लिंग. अपंगत्व. वैवाहिक स्थिती. राष्ट्रीय मूळ. पूर्वज. एकेका शब्दापुढे चौकोन. मी वरून खाली गेले, खालून वर आले. जात नव्हती.

मी बराच वेळ तशीच बसून राहिले, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरले, वरण खाली लागलं. तो करपट वास मला आठवतो, कारण त्या वासाबरोबर मला आठवलं वर्ध्याचं समाजकल्याणचं कार्यालय. बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जात वैधता लागायची, कास्ट व्हॅलिडिटी. तिथल्या अर्जात जात हाच पहिला प्रश्न, आणि नुसतं लिहून भागत नाही, सिद्ध करावं लागतं. १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा आणा. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, उन्हाळ्याच्या सुट्टीभर ते तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये घाम पुसत फिरले. शेवटी १९३३ सालच्या कोतवाल पंजीत, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, नोंद सापडली. पणजोबांचं नाव, त्यापुढे आमची जात, आणि 'यास मुलगा झाला' एवढंच. तो मुलगा म्हणजे माझे आजोबा. जी ओळख फेकून द्यायला तो मुलगा मोठेपणी नागपूरपर्यंत गेला, तीच ओळख त्याच्या मुलाला नातीसाठी कचेरीच्या धुळीतून शोधून, शिक्का मारून आणावी लागली. बाबांनी ती नक्कल घरी आणली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. तिथे रेशन कार्डं, बाबांच्या नेमणुकीचं पत्र, सात-बाराचा उतारा, माझे सगळे दाखले. बाबा म्हणायचे, "बेटा, आपल्या तोंडच्या शब्दाला कोनी किंमत देत नाही. कागद सांभाळजो."

एका देशात अर्जातला पहिला रकाना जातीचा. दुसऱ्या देशात रकानाच नाही. आणि दोन्हीकडे मी ओट्याशी बसून तेच करतेय, आपण कोण ते कुणालातरी कागदावर पटवून देतेय.

मी शेवटी 'पूर्वज' या शब्दापुढे खूण केली. मग 'धर्म'. मग 'राष्ट्रीय मूळ'. आणि शेवटी 'भेदभावाची तक्रार केली म्हणून'. हा शेवटचा चौकोन भरताना हात थांबला नाही, तिथे समजावून सांगण्यासारखं काहीच नव्हतं. पण 'पूर्वज'पाशी मी थांबले. इंग्रजीत तो शब्द किती कोरडा आहे, अॅन्सेस्ट्री. माझ्यासाठी तो आजोबांच्या पायाच्या भेगा होता.

आणखी एक शब्द होता त्या यादीच्या वर. बहुतेक लोक तो वाचतही नसतील. लिहिलं होतं, तुमच्या 'असलेल्या किंवा समजल्या गेलेल्या' अमुक तमुकमुळे. म्हणजे तुम्ही खरोखर ते आहात की नाही याला महत्त्व नाही, समोरच्याने तुम्हाला तसं मानून वागवलं, एवढं पुरे. मी ते वाक्य चार-पाच वेळा वाचलं. माझे आजोबा १९५६पासून सांगत होते की आम्ही ते नाही. बाबा सांगत होते. मी, घाबरत घाबरत का होईना, तेच सांगत होते. आम्ही ते नव्हतोच, पण आम्हाला ते समजलं गेलं. आमच्या तीन पिढ्यांचं गाऱ्हाणं कायद्याच्या एका अर्ध्या ओळीत कुणीतरी, आमचं नावही ऐकलेलं नसताना, लिहून ठेवलेलं होतं. त्या रात्री रडू आलं ते तिथे.

मग घटना. तारीख, ठिकाण, कोण काय म्हणालं. बाबांच्या सवयीने मी वही ठेवली होती, त्यामुळे तारखा होत्या. पण अडचण भाषेची. जे झालं ते मराठीत झालं होतं, आणि लिहायचं इंग्रजीत. 'कोट्यातला माल' याचं इंग्रजी होतं, पण त्यातला 'माल' वाहून जातो. 'त्यातले'चं इंग्रजी केलं तर नुसतं एक सर्वनाम उरतं. 'तू'चं 'तुम्ही' झालं, हे इंग्रजीत लिहिताच येत नाही. त्या भाषेत दोघांना एकच शब्द. मी लिहायची, पुसायची. माझ्यावर झालेला प्रत्येक वार मी माझ्या हाताने गुळगुळीत करत होते, आणि मग भीती वाटायची की वाचणाऱ्याला वाटेल, एवढंच?

त्याखाली साक्षीदार. नाव, फोन, त्यांनी काय पाहिलं.

मी तिचं नाव लिहिलं. काचेची खोली, जुलै, मराठी कळणारी तिसरी व्यक्ती. लिहिलं आणि बघत बसले. तीही एच-वन-बीवर, तिचा नवरा तेव्हा घरी बसलेला, दोन लहान मुलं. तिचं नाव गेलं की कधीतरी तिला फोन येणार, कंपनीला कळणार. मी नाव पुसलं. मग परत लिहिलं. शेवटी पुसलं आणि पुढे गेले. तेव्हा स्वतःला सांगितलं की तिच्या भल्यासाठी. आज मेथीच्या काड्या निवडताना तेवढी खात्री वाटत नाही. कदाचित मला भीती होती की तिला विचारलं तर ती म्हणेल, आठवत नाही. ते ऐकण्यापेक्षा रकाना मोकळा बरा. दोन्ही खरं असेल. माणूस चांगुलपणाने जे करतो आणि भीतीने जे करतो, ते बऱ्याचदा एकाच बोटाने एकच बटण दाबून होतं.

काही आठवड्यांनी मुलाखतीचा फोन आला. मी कारमध्ये जाऊन बसले, काचा वर करून, कारण घरात मुलीचा झूमवर वर्ग चालू होता. पलीकडे एक शांत आवाजाची बाई. तिने आडनावाचं एकेक अक्षर विचारून घेतलं. मग विचारलं, तुम्ही दोघं एकाच राज्यातले, एकच भाषा बोलता, दिसायलाही सारखे, मग त्याला कळलं कसं? प्रश्न सरळ होता, तिला कळून घ्यायचं होतं. मी आडनावापासून सुरुवात केली, महालक्ष्म्यांपर्यंत आले, कुलदैवतापर्यंत आले, निळ्या साडीपर्यंत आले. ती मधे मधे टाइप करायची, कीबोर्डाचा आवाज यायचा. 'आपल्यातली'वर अडले. ती म्हणाली, तोच शब्द सांगा, मग अर्थ सांगा. मी तो शब्द उच्चारला. तिने तो जमेल तसा परत म्हटला, आप-ल्यात-ली, आणि लिहून घेतला. मला माहीत नाही का, पण माझी पाठ सैल पडली. चाळीस मिनिटं बोललो. काच धुक्याने भरली होती आणि मी बोटाने त्यावर रेघा ओढल्या होत्या.

या सगळ्यात न सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. जातीच्या भेदभावाची तक्रार करायची, तर आधी जात सांगावी लागते. आयुष्यभर जी माहिती कुणाच्या हाती लागू नये म्हणून तुम्ही आडनाव गिळता, गावाऐवजी जिल्हा सांगता, ती तुम्हाला स्वतःच टाइप करून, सही करून द्यावी लागते. आणि तक्रार दाखल झाली की तिची एक प्रत कंपनीला जाते. तिथे ती कोण कोण वाचणार, हे आपल्या हातात नाही. सिस्कोच्या खटल्यातला तक्रारदार कागदोपत्री 'जॉन डो' होता, म्हणजे अमका-तमका. त्याला खरं नाव न देता लढू द्यावं का, यावरही भांडण झालं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की त्याचे घरचे कॅलिफोर्नियाबाहेर असले तरी त्यांना होऊ शकणारी इजा विचारात घ्यावी लागेल. ती बातमी मी बाबांना फोनवर वाचून दाखवली. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे आमचाबी विचार केला त्याहीनं."

माझ्या तक्रारीचं पुढे काय झालं ते लिहिता येत नाही, मध्यस्थीत तसं कबूल केलंय. एवढं सांगते की खात्याचा मध्यस्थ होता, त्याचे पैसे पडले नाहीत, सगळं पडद्यावर झालं, आणि संपलं तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. दमल्यासारखं वाटलं. मी लॅपटॉप मिटला आणि भांडी घासली.

त्यानंतर सिअॅटलने २१ फेब्रुवारी २०२३ला जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, असं करणारं अमेरिकेतलं पहिलं शहर. तो ठराव आणणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. कॅलिफोर्नियातही त्याच वर्षी राज्याच्या सिनेटर आयेशा वहाब यांनी विधेयक आणलं. त्याच्या शेवटच्या मसुद्यात 'जात' हा शब्द 'पूर्वज' या शब्दाच्या व्याख्येत बसवला होता, मी ज्यापुढे खूण केली होती त्याच. दोन्ही सभागृहांत ते मंजूर झालं, आणि ७ ऑक्टोबर २०२३ला गव्हर्नर न्यूसम यांनी ते परत पाठवलं. कारण दिलं की आहे त्या कायद्यात जातीवरचा भेदभाव आधीच बंद आहे, वेगळा शब्द नको. असेल. कायद्याच्या भाषेत ते बरोबरही असेल. पण रात्री एक वाजता एकट्या माणसाला त्या यादीत स्वतःचं दुखणं शोधावं लागतं, आणि ते नाव घेऊन लिहिलेलं सापडणं आणि दुसऱ्या शब्दाच्या पोटात असेल असं मानून घेणं, यात फार मोठं अंतर आहे. तेवढ्या अंतरात बरेच जण लॅपटॉप बंद करून झोपायला जात असतील.

त्याच डिसेंबरात पुलगावला गेले. तक्रार दाखल झाली तेव्हाच बाबांनी फोनवर सांगितलं होतं, "त्याची एक झेरॉक्स पाठवजो." मी पाठवली होती. संध्याकाळी त्यांनी पेटी उघडली, तोच गंजलेल्या कडीचा आवाज, डांबराच्या गोळ्यांचा वास. कोतवाल पंजीच्या नकलेखाली माझी तक्रार, वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. बाबांचं इंग्रजी शाळामास्तरी, शब्दकोश घेऊन त्यांनी ती सगळी वाचून काढली होती. अवघड शब्दांवर पेन्सिलने मराठी अर्थ लिहिले होते, मुलांच्या वहीत लिहितात तसे, बारीक आणि सरळ. 'पूर्वज'पाशी मात्र अर्थ नव्हता. तिथे आजोबांचं नाव होतं. त्यापुढे पणजोबांचं. पणजोबांच्या पुढचं आम्हाला कुणालाच माहीत नाही, तिथे त्यांनी एक छोटी रेघ ओढून ठेवली होती.

मी काही बोलले नाही. बाबांनी पिशवी परत नीट दुमडली.

तर गेल्या रविवारी. "हं" म्हणून मी पुढे गेले खरी, पण पैसे देऊन बाहेर आले तेव्हा ती पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून पिशव्या ठेवत होती. मी ट्रॉली ढकलत तिच्यापर्यंत गेले. म्हटलं, "बोलले होते गं. तीन वेळा बोलले होते, मग लिहिलं." तिने नुसती मान हलवली. आणि मग, ठरवलेलं नसताना, मी म्हटलं, "त्या अर्जात साक्षीदारांचा रकाना होता. तुझं नाव मी लिहिलं नाही."

तिच्या हातात तांदळाची पिशवी होती. ती तिने खाली ठेवली नाही, वरही ठेवली नाही.

"मला वाटलं होतं फोन येईल," ती म्हणाली. "किती दिवस वाट बघत होते. काय सांगायचं ते पाठसुद्धा केलं होतं."

"काय सांगणार होतीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मागून कुणीतरी जागेसाठी हॉर्न दिला. तिने पिशवी आत टाकली, डिकी लावली, आणि म्हणाली, "घरी ये एकदा."